शिडीची कललेली पायरी

१

नाना अजेई वारले तेव्हा कोणाच्या पदरात काय पडणार, हे न्टोन्सो गावात विचारावं लागत नव्हतं. भाचा याव दुआ याच्या पदरात घर, छापायची शेड, झाडाची साल उकळायच्या कढया, वाळल्या भोपळ्याच्या सालीतून कोरलेल्या ठशांनी भरलेल्या टोपल्या आणि मामाचं आसन. विधवा पोमाच्या पदरात, नव्या मालकाची मर्जी राहिली तर, तिचीच जुनी खोली. कुळाचे प्रमुख ओडुरो यांच्या पदरात मानाची जिन दारूची बाटली आणि चारचौघांत बोलायची संधी. दोन्हींपैकी त्यांना चढायचं ते बोलणं. राहिला नानांचा मुलगा क्वाकू अडाए. बापाच्या मांडीला मांडी लावून त्याने उभी हयात कापडं छापली होती. त्याच्या वाट्याला एकच गोष्ट आली होती: बापाची शवपेटी स्वतःच्या खर्चाने करून देणं. आमच्याकडे रक्त आईचं धरतात. मामाचं भाच्याला जातं. मुलगा बापाच्या कुळाचा नसतोच. तो फक्त पेटी देतो.

तेव्हा ठसा नाहीसा झाला म्हटल्यावर क्वाकूकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. ज्याचा फायदाच नाही, त्याच्यावर संशय घेणं म्हणजे त्याला उगाच मोठेपणा देणं.

बुधवारी सकाळी कुळ अंगणात जमलं होतं. नानांचा देह कुमासीच्या शवागारात होता. शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा आणि शनिवारी माती. त्याआधी त्यांच्या अंगावरचं कापड छापून व्हायला हवं होतं, आणि त्या कापडावरचा पहिला ठसा घराचा. मृत्यूच्या शिडीची नक्षी गावात सगळेच छापतात, पण या घराची शिडी निराळी होती. नानांच्या मामांच्या मामांच्या हातची, रोजच्या टोपलीत कधी न पडलेली. घरातलं कोणी गेलं तरच ती बाहेर निघायची, मयताच्या आणि घरच्यांच्या दुखवट्याच्या कापडांवर उमटायची, आणि घराच्या रक्ताबाहेरच्या हाताने तिला शिवायचं नाही अशी रीत. खुद्द मालक गेला की वारसाने ती रंगात बुडवून मयताच्या कापडावर उमटवायची. ज्याने उमटवली तो मालक.

ओडुरोंनी कमरेची किल्ली काढली. ठशाच्या संदुकीचं कुलूप गंजलेलं, त्यांना दोन्ही हातांनी जोर लावावा लागला, कपाळावर घाम आला. संदूक उघडली. आतलं तांबडं फडकं त्यांनी उलगडलं, मग झटकलं.

फडक्यात काही नव्हतं.

"याव," ओडुरो सावकाश म्हणाले, "मागच्या महिन्यात तू एका जीपमधून उतरलास. जुने ठसे विकत घेत फिरणाऱ्या गोऱ्याची जीप. मी पाहिलं, माझ्या बायकोने पाहिलं, रताळी विकणारीनेही पाहिलं."

याव दुआने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

"शुक्रवारी देह दारात येईपर्यंत ठसा आला नाही, तर पहिला ठसा चोराच्या हाताने उमटणार नाही. माझ्या बहिणीचा मुलगाही याच रक्ताचा आहे."

"त्याला आसनाचं माप देऊन ठेवलंयस का रे, ओडुरो?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. बोलली ती एनो चेवा, नानांची थोरली बहीण. घरातली सर्वांत वडील बाई, कुळाच्या बैठकीत बायकांच्या वतीने बसण्याचा मान तिचा. जन्म कुमासीच्या बाजारात दुखवट्याची कापडं विकण्यात गेलेला. गिऱ्हाईक रडत आलं तरी त्यातलं रडणं किती आणि घासाघीस किती, हे तिला चालीवरून कळायचं.

"शुक्रवारपर्यंत मला दे," ती म्हणाली. "तोवर माझ्या भाच्याला चोर म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर मनात म्हण, तिथे जागा पुष्कळ आहे."

२

शेडमध्ये कढईखालचा विस्तव विझलेला होता. याव दुआ रंग ढवळायची काठी उगाच हातात धरून बसला होता.

"जीप," एनो चेवा म्हणाली.

"दोन ठसे विकले, मावशी. माझेच, मी कोरलेले, झिजून गेलेले. तो म्हणाला जुने दिसतायत. मी म्हटलं, असतील."

"आणि तू त्याला जुने आहेत असं सांगितलं नाहीस."

"नाही आहेत असंही सांगितलं नाही." त्याच्या तोंडावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "मामांच्या औषधाला पैसे हवे होते. मामांना सांगितलं असतं तर त्यांनी औषध थुंकून टाकलं असतं."

एनो चेवाने ते खरं धरलं. याव खोटं बोलताना नाक चोळायचा, आणि आता त्याचे दोन्ही हात काठीवर होते.

"किल्ली कुठे असायची?"

"मामांच्या कमरेला. दवाखान्यातसुद्धा. ते गेले त्याच सकाळी ओडुरोंनी सोडवून घेतली. मी तिथेच उभा होतो."

"घराचा ठसा शेवटचा कधी हातात धरलास?"

"धाकटे मामा गेले तेव्हा. क्वाबेनामामा. मामांनी बुडवून दिला, मी उमटवला. मूठ जरा जाड लागली हाताला. म्हटलं, मामा, मूठ बदलली का? ते म्हणाले, काथ्या नवा बांधलाय."

"कोरायची सुरी तुझ्या मामाने कधी सोडली होती?"

"त्याच्याही आधी. डोळ्यांत पडदा आला होता ना. कोरायचं सगळं माझ्याकडे, छापायचं क्वाकूकडे. मामा नुसते बसून आम्हाला नावं ठेवायचे." काठी त्याच्या हातातून खाली पडली. "मावशी, आसन गेलं तर जाऊ दे. पण मामांचा ठसा विकला असं म्हणत लोक मला पुरतील. माझ्या पोरांना तेच ऐकायला लागेल."

ओडुरोंकडे ती उन्हं उतरायला लागल्यावर गेली. ते कुटलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा रश्शात बुडवत होते.

"ताई, माझ्यावर संशय आहे ना? किल्ली माझ्याकडे होती, भाचा माझा बसणार. मी तुमच्या जागी असतो तर मीच मला धरलं असतं."

"धरलंच होतं," ती म्हणाली. "पण सकाळी कुलूप उघडताना तुझा घाम निघाला. या चार दिवसांत कोणी उघडलं असतं तर ते असं कुरकुरलं नसतं. तू सुटलास. खा."

ओडुरोंना सुटल्याचा आनंद व्हावा की इतक्या स्वस्तात सुटल्याचा राग यावा, हे कळेना.

घरी जाताना एनो चेवा वाटेत थांबली. कुलूप गंजायच्या आधी उघडलं गेलं, म्हणजे किल्ली भावाच्या कमरेला असताना. ओडुरोंकडे किल्ली आली तेव्हा संदूक रिकामीच होती. चोराला किल्ली देणारा एकच माणूस उरत होता, आणि तो शवागारात होता.

३

"या, एनो. झडतीला आलात?" पोमा चटईवर बसली होती, अंगावर तांबडं कापड, डोळे कोरडे. "उशी उसवून बघा. माझं पोट चिरून बघा. तुमच्या भावाने माझ्यासाठी ठेवलेलं एवढंच काय ते सापडेल."

"तुझं तोंड शाबूत ठेवलं त्याने, ते काय थोडं आहे?"

दोघींचं चाळीस वर्षं असंच चालत आलं होतं. नणंद-भावजयीत याला प्रेम म्हणतात की नाही ते दोघींनाही माहीत नव्हतं.

"याव गेला तर मी गेले," पोमा म्हणाली. "ओडुरोचा भाचा मला एक रात्र ठेवून घेणार नाही. यावने कबूल केलंय, मामी, खोली तुमची. तेव्हा ठसा मी लपवला असता, तर तो आतापर्यंत काढून यावच्या हातात ठेवला असता. एवढी अक्कल आहे मला."

"तेवढी आहे," एनो चेवाने मान्य केलं.

"कसला मेला ठसा. त्या ठशापायी माझा भोपळासुद्धा गेला असेल."

"कसला भोपळा?"

"पाण्याचा. आईने दिलेला. जाड सालीचा, चुलीच्या धुरात मुरलेला, हातातून पडला तरी टणकन वाजायचा. क्वाबेनाच्या मयताच्या आठवड्यात बघते तर चुलीमागून गायब. विचारलं तर तुमचा भाऊ म्हणाला, फुटला. म्हटलं, फुटला तर खापऱ्या कुठायत? तर म्हणाला, बाई, घरात मयत झालंय आणि तू खापऱ्या मोजतेस."

"त्या आठवड्यात शेडमध्ये कोण होतं?"

"सगळेच. तुमचा भाऊ, याव, क्वाकू. घरात मयत, कापडं डोंगराएवढी, हात नकोत?" पोमाने डोळे बारीक केले. "का हो? भोपळा सापडला का?"

एनो चेवा उठली. ओला, नवा भोपळा पाणी प्यायला चालतो, भाजी वाढायला चालतो. पण जाड सालीचा, वर्षानुवर्षं धुरात मुरलेला भोपळा चोरून न्यावा असं काम एकच होतं. तो कोणीतरी कोरला होता. आणि कोरला होता तो नाना जिवंत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत.

४

पेटी करणारा सुतार रस्त्याच्या कडेला बसायचा. क्वाकू अडाए त्याच्याच पायरीवर बसून झाकणाची कड घासत होता. काम सुताराचं, पैसे क्वाकूचे, घाम दोघांचा.

"आत्या." तो उठून उभा राहिला.

"बस. तुला काय मिळालं रे या सगळ्यात?"

"पेटी."

"ती तू देतोयस."

"तेच."

तिने पेटीत वाकून पाहिलं. आत पांढरं अस्तर, डोक्याकडे कापसाची लहान उशी, टाके वेडेवाकडे.

"ही कोणी शिवली?"

"मी."

"तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलं तर तू वर्षभर उघड्या छातीने फिरतोस."

"सुताराची बायको नीट शिवत नाही," क्वाकू म्हणाला. एनो चेवाने उशीवर हात ठेवायला वाकावं, तर त्याने तिचं मनगट हळूच धरून बाजूला केलं. "कुसं लागतील, आत्या. अजून घासायचं राहिलंय."

उशीला कुसं कशी असतील, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. बाजारात ती एक गोष्ट शिकली होती: गिऱ्हाईक ज्या कापडावरून नजर काढून घेतं, तेच त्याला हवं असतं, पण ते लगेच पुढ्यात टाकायचं नाही.

"याव चोर आहे असं म्हणतात."

"याव चोर नाही."

"कोण आहे ते सांग. मग तो नाही हे मी कुळाला सांगेन."

क्वाकूने झाकण पुन्हा घासायला घेतलं. कड आधीच गुळगुळीत होती. "त्याला सोडवा, आत्या," तो खाली बघत म्हणाला. "कसंही करून सोडवा. माझ्याकडून होत नाही."

ती घरी परतली तेव्हा अंगणात ओडुरोंचा भाचा येऊन बसला होता. अंगावर कोरं करकरीत काळं कापड. आसनाकडे तो पाहत नव्हता. फक्त त्याची खुर्ची आसनाजवळ ठेवलेली होती.

५

दुखवट्याचं छापलेलं कापड आम्ही धूत नाही. सालीचा रंग पाण्याला टिकत नाही, आणि ज्याच्या नावाने ते छापलं त्यालाही धुऊन टाकल्यासारखं होतं. घडी करून पेटाऱ्यात ठेवायचं. कोणतं कापड कोणाच्या मयताचं, हे म्हातारीला झोपेतही सांगता यावं.

गुरुवारी सकाळी एनो चेवाने पेटारा उघडला आणि चार कापडं दोरीवर ओळीने टाकली: आईचं, थोरल्या मामाचं, बहिणीचं म्हणजे यावच्या आईचं, आणि शेवटचं क्वाबेनाचं. चारही कापडांच्या काठाला घराची शिडी.

आईच्या कापडावर शिडी सबंध होती. मामाच्या कापडावर मधल्या पायरीत केसाएवढी पांढरी रेघ: रंग लागला नव्हता, कारण ठशाला भेग पडली होती. बहिणीच्या कापडावर ती रेघ तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. आणि क्वाबेनाच्या कापडावर रेघच नव्हती. पायरी अखंड, काळीभोर.

भोपळ्याची भेग वाढते. ती कधी भरून येत नाही.

म्हणजे क्वाबेनाच्या मयतापर्यंत जुना ठसा संपला होता, आणि पोमाच्या भोपळ्यातून दुसरा कोरला गेला होता. घराच्या नावाने खोटी शिडी उमटली होती, आणि ती रंगात बुडवून देणारा तिचा भाऊ होता. त्याच्या डोळ्यांत पडदा, हातात सुरी नाही. मग कोरणारा कोण? यावच्या हाताला रोजची सवय होती. पण यावने स्वतः कोरला असता तर मूठ जाड लागली असं तोंडाने सांगितलं असतं का?

वारा आला, कापडं हलली, आणि तेव्हा तिला दुसरी गोष्ट दिसली.

या घराच्या शिडीची सर्वांत वरची पायरी सरळ नाही. पहिल्या कोरणाऱ्याची सुरी घसरली असेल. पायरीचं डावं टोक जरासं खाली कललेलं. आईच्या कापडावर डावीकडे, मामाच्या कापडावर डावीकडे, बहिणीच्या कापडावर डावीकडे. क्वाबेनाच्या कापडावरही पायरी कललेली होती, तितकीच, नखभरसुद्धा कमीजास्त नाही. फक्त उजवीकडे.

ज्याने ती कोरली, त्याने जीव ओतून कोरली होती. चूकसुद्धा सोडली नव्हती. पण ठसा आणि छाप एकमेकांच्या उलट असतात. जुना ठसा हातात धरून, त्याच्यासारखा दुसरा केला असता, तर छाप बरोबर पडला असता. उलटा पडला, कारण कोरणाऱ्यापुढे ठसा नव्हताच. कापड होतं. कापडावर दिसलं तसं त्याने भोपळ्यावर कोरलं. यावसारखा रोजचा कोरणारा हे कधी करणार नाही. आणि यावने तर जुना ठसा कितीदा हातात घेतलेला.

ज्याने शिडी जन्मभर पाहिली, पण हातात कधी घेतली नाही. ज्याने घ्यायची नाही अशी रीत होती.

एनो चेवा दोरीखाली जमिनीवरच बसली. उशीचे वेडेवाकडे टाके तिच्या डोळ्यांपुढे आले.

६

क्वाकू शेडमध्ये आला तेव्हा दोरीवरून काढून आणलेली दोन कापडं शेजारी शेजारी पसरलेली होती. एनो चेवाने एकाच्या वरच्या पायरीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्याच्या.

तो खाली बसला. मोठा, रुंद खांद्यांचा माणूस. बसला तो एखादं ओझं उतरवल्यासारखा.

"क्वाबेनाकाका गेले त्या सकाळी बाबांनी ठसा चाचपून बघायला दाबला," तो म्हणाला. "हातातच दोन तुकडे झाले. याव बाहेर कापडं ताणत होता. बाबा म्हणाले, घराचा ठसा ज्याच्या हातात मोडतो त्याच्या हातून आसन जातं."

"अशी रीत आहे."

"तुकडे खाली पडले होते. मी उचलायला वाकलो, तर ओरडले. शिवू नकोस, तू बाहेरचा. स्वतः चाचपडत गोळा केले आणि कढईखाली घातले." क्वाकू थांबला. "मग स्वतःच्या अंगावरचं जुनं दुखवट्याचं कापड काढून माझ्याकडे टाकलं. म्हणाले, यावर आहे तसं कोर. याव वारस आहे, त्याला कळलं तर त्याला कुळाला सांगावं लागेल. तू कोणाला सांगायला बांधील नाहीस."

"मोडक्या ठशाला शिवायला तू बाहेरचा," एनो चेवा म्हणाली, "आणि नवा कोरायला घरचा."

क्वाकूने कापडाचा मुडपलेला काठ सरळ केला.

"पायरी उलटी पडली हे त्याला कळलं?"

"पहिला छाप ओला असताना त्यांनी बोट फिरवलं. दोनदा. बोट काळं झालं. म्हणाले, छान आहे." तो जमिनीकडे पाहत होता. "छान म्हणालेले मी तेवढंच ऐकलं, आत्या."

बाहेर कोणीतरी विहिरीवर बादली सोडली. ती तळाला लागली तसं क्वाकूने पुढे सांगितलं.

"दवाखान्यात जायच्या आधी संदूक उघडून ठसा माझ्या हातात दिला. म्हणाले, ही खोटी शिडी यावच्या हाती जाऊ द्यायची नाही. माझ्याबरोबर दे. पेटी तूच देणार आहेस, कोणी बघणार नाही. शपथ घ्यायला लावली."

"आणि यावचं नाव येईल हे त्याच्या मनात आलं नाही."

"त्यांना वाटलं, ठसा नाहीसा झाला तर कुळ नवा करेल. संपलं."

"तुझ्या मनात आलं?"

"बुधवारी आलं. तेव्हापासून आहे."

एनो चेवाला भावाचा राग आला, इतका की तो समोर असता तर तिने त्याच्या आजाराची पर्वा केली नसती. हे कुळापुढे ठेवलं तर याव सुटत होता. पण मग नानांचा देह दारात येताना, सगळं गाव काळ्या-तांबड्यात बसलेलं असताना, सख्ख्या भावाला खोट्या शिडीने निरोप देणारा मालक म्हणून त्यांची गोष्ट सांगितली जाणार होती. आणि क्वाकूला या शेडच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा कोणी घेतलं नसतं.

"त्या ठशावर जिन शिंपडली होती का?" तिने विचारलं. "पूर्वजांना हाक मारून, नाव सांगून?"

"चोरून केलेल्याला कोण शिंपडणार?"

"मग तो ठसा नव्हे. तो पोमाचा भोपळा. बापाने मुलाकडून भोपळ्याचा तुकडा कोरून घेतला आणि मुलाने तो उशीत घातला. त्यात कुळाचं काय गेलं?" ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "जिन पडेपर्यंत कोणीही कोरू शकतं. घरचा काय, बाहेरचा काय. सुरी आण."

"भोपळा?"

"माझ्या चुलीमागे आहे. माझ्या आईचा." दारात ती थांबली. "आणि कापडावर दिसतं तसं कोरू नकोस."

"आता कळतं, आत्या," तो म्हणाला.

७

शुक्रवारी दुपारी कुळ बसलं. एनो चेवाने तांबडं फडकं पुढे ठेवलं आणि उभी राहिली.

"जुन्या ठशाला भेग होती," ती म्हणाली. "ज्यांच्या पेटाऱ्यात माझ्या बहिणीच्या मयताचं कापड आहे त्यांनी घरी जाऊन बघावं. भाऊ दवाखान्यात जायच्या आधी मी त्याला सांगितलं, हे मोडकं यावच्या हाती देऊ नकोस. तो ठसा माझ्या सांगण्यावरून कढईखालच्या विस्तवात गेला. नवा कोरून घेतला, तो हा. याव निर्दोष आहे. कुळाला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही."

"एकटीने?" ओडुरोंचा आवाज चढला. "ताई, कुळाच्या ठशाचा निर्णय एकटीने?"

"एकटीने."

"बुधवारी मग गप्प का बसलात?"

"तू इतका छान बोलत होतास, मोडवेना."

मागच्या बाजूला कोणीतरी हसलं आणि खोकण्यात लपवलं. ओडुरो हसले नाहीत. दंड म्हणून मेंढा द्यायचा, असं त्यांनी सांगितलं. आणि ज्या बाईने कुळाला अंधारात ठेवलं तिला बैठकीत बायकांच्या वतीने बसता येणार नाही. तिचं लहान काळं लाकडी आसन उचलून नेलं गेलं. त्याच्यावर ती तिच्या आईनंतर बसत आली होती. ते दारातून बाहेर जाईपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पाहिलं नाही.

नव्या ठशावर जिन शिंपडली. पूर्वजांची नावं घेतली. याव दुआने मामाच्या कापडावर गुडघे टेकले, ठसा रंगात बुडवला आणि भोपळ्याच्या गोलाईवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच डोलवत दाबून उचलला. त्याने ठशाच्या कोऱ्या कडेवरून अंगठा फिरवला, क्वाकूकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घेतली. कोरणाऱ्याला दुसऱ्याचा हात कळतो. शिडीची वरची पायरी डावीकडे कलली होती.

पोमा एनो चेवाच्या शेजारी बसली होती. तिने तो ओला छाप बराच वेळ निरखला.

"तुमच्याही घरचा पाण्याचा भोपळा फुटला वाटतं, एनो."

"फुटला."

"खापऱ्या?"

पोमाने एनो चेवाच्या हातावर हात ठेवला, आणि या खेपेला त्यात टोमणा नव्हता.

संध्याकाळी क्वाकू पेटी घेऊन आला. कुळाची माणसं पुढे, तो बाहेरच्यांत उभा. बापाचं डोकं उशीवर टेकवायला तेवढं त्याला पुढे बोलावलं, कारण पेटी त्याची. त्याने डोकं टेकवलं, उशी जराशी सरळ केली आणि मागे सरला.

आता कोणी काय भरलं ते. ओडुरोंनी काही भरलं नाही. त्यांना मेंढा मिळाला, आणि वर्षभर पुरेल इतकं बोलणं. त्यांच्या भाच्याला कोऱ्या कापडाचा भुर्दंड पडला. पोमाला खोली मिळाली. यावला घर, आसन आणि पोरांना सांगता येईल असं नाव. त्यासाठी त्याला बुधवार ते शुक्रवार चोर म्हणून जगावं लागलं. नाना अजेईंनी हयातीत उचललेलं कर्ज मेल्यावर दुसऱ्यांनी फेडलं, आणि ते स्वच्छ नावाने मातीत गेले. एनो चेवाने मेंढा दिला, आईचा भोपळा दिला, आसन दिलं, आणि जन्मात पहिल्यांदाच, रोख मोजून दिल्यासारखं, एक खोटं दिलं.

आणि क्वाकू अडाएने पेटी दिली, बापाला दिलेला शब्द पाळला, आणि यापुढे त्या घरात जो कोणी मरेल त्याच्या अंगावर पडणारी शिडी दिली. त्याला काय मिळालं ते सुरुवातीलाच सांगून झालंय.